पायथनमधील ‘सेलेनियम’चा पहिला पाठ : एक चिकित्सा

प्रास्ताविक

मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. (संगणकशास्त्र) तृतीय वर्षासाठी २०१८-१९ या शैक्षणिक वर्षापासून जो सुधारित अभ्यासक्रम लागू झाला, त्यात सॉफ्टवेअरची चाचणी व गुणवत्ता-हमी या विषयाचा पाचव्या सत्रात समावेश होता. या विषयाला जोडून प्रात्यक्षिकांची एक यादी देण्यात आली होती आणि तीतील बहुतेक प्रात्यक्षिके ‘सेलेनियम’ या एकाच साधनाभोवती गुंफलेली होती. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील संलग्न महाविद्यालयांत ज्या विद्यार्थ्यांनी हा विषय घेतला, त्यांचा ब्राउझर-स्वयंचलनाशी पहिला औपचारिक परिचय या यादीतूनच झाला. पुढे उपनगरांतील काही महाविद्यालये स्वायत्त झाली व राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार नव्या अभ्यासक्रमांची मांडणी सुरू झाली. यादी मागे पडली तरी तिचा साचा प्रात्यक्षिक-वह्यांतून व झेरॉक्सच्या दुकानांत मिळणाऱ्या टिपणांतून टिकून राहण्याचा संभव असतो. नवा अभ्यासक्रम जुन्या साच्यात ओतला जाण्यापूर्वी त्या साच्याची तपासणी होणे इष्ट आहे.

प्रस्तुत लेखात या यादीबरोबर आणखी एका पाठाचे वाचन केले आहे. तो पाठ म्हणजे बैजू मुथुकाडन यांनी इंग्रजीत लिहिलेल्या ‘सेलेनियम विथ पायथन’ या मुक्त मार्गदर्शिकेतील आरंभ-प्रकरण होय. पायथनमधून सेलेनियम शिकू पाहणारा विद्यार्थी वर्गातील टिपणे अपुरी पडल्यावर सहसा याच प्रकरणापाशी येतो. दोन्ही पाठ ब्राउझर चालवायला शिकवतात. चाचणी म्हणजे काय, हे मात्र दोन्हींत वेगवेगळ्या प्रकारे निसटते, असे त्यांच्या वाचनातून दिसून येते.

साधनाची पार्श्वभूमी

अन्य विद्याशाखांतील वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. माणूस माऊस व कळफलक वापरून ब्राउझरमध्ये ज्या कृती करतो, म्हणजे पान उघडणे, रकान्यात नाव भरणे, बटण दाबणे, समोर आलेला मजकूर वाचणे, त्या सर्व कृती आज्ञावलीकडून करवून घेणे म्हणजे ब्राउझर-स्वयंचलन. एखादा प्रवेश-अर्ज दर सुधारणेनंतर शंभर प्रकारांनी भरून पाहायचा असेल तर माणूस तिसऱ्या-चौथ्या वेळेस कंटाळतो व पाहिल्यासारखे करतो. आज्ञावली कंटाळत नाही. मात्र काय पाहायचे हे तिला कोणीतरी नेमके सांगावे लागते.

सेलेनियमचा आरंभ २००४ साली शिकागो येथे थॉटवर्क्स या कंपनीत जेसन हगिन्स यांनी केला. त्या काळी मर्क्युरी इंटरॅक्टिव्ह या कंपनीची महागडी चाचणी-साधने बाजारात प्रबळ होती. पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम हा उतारा मानला जातो, या विनोदातून नव्या साधनाला त्याचे नाव मिळाले. आरंभीचे सेलेनियम पानाच्या आतच जावास्क्रिप्टच्या रूपाने चालत असे. ब्राउझरच्या सुरक्षा-नियमांमुळे एका संकेतस्थळाची आज्ञावली दुसऱ्या स्थळाच्या पानात ढवळाढवळ करू शकत नाही. ही अडचण ओलांडण्यासाठी मध्ये एक सर्व्हर बसवणारी ‘सेलेनियम आरसी’ ही व्यवस्था निर्माण झाली. सायमन स्टुअर्ट यांच्या ‘वेबड्रायव्हर’ने निराळा मार्ग धरला व ब्राउझरला बाहेरून, त्याच्या स्वतःच्या यंत्रणेद्वारे चालवले. हे दोन्ही प्रवाह एकत्र येऊन २०११ मध्ये सेलेनियमची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली व त्याच वेळी आरसी हा जुना मार्ग ठरला. २०१६ च्या तिसऱ्या आवृत्तीत आरसीचा मूळ गाभा मुख्य साधनातून काढून टाकण्यात आला. ५ जून २०१८ रोजी वेबड्रायव्हर हा वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमचा अधिकृत मानक झाला.

या तपशिलात मुंबईचाही एक धागा आहे. आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी रितेश अरोरा व नकुल अगरवाल यांनी २०११ साली मुंबईत ‘ब्राउझरस्टॅक’ ही कंपनी स्थापन केली. निरनिराळे ब्राउझर व खरे मोबाइल संच दूरस्थपणे चाचणीसाठी उपलब्ध करून देणे हा तिचा व्यवसाय असून सेलेनियमच्या चाचण्या तेथे मोठ्या प्रमाणावर चालवल्या जातात. २०२१ मध्ये या कंपनीचे मूल्यांकन चार अब्ज डॉलर झाले. अंधेरीचे सीप्झ, पवई आणि मुलुंडच्या खाडीपलीकडील ऐरोली या पट्ट्यात चाचणीचे काम करणाऱ्या पदवीधरांना मागणी असते. उपनगरातील बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला मिळणारी पहिली नोकरी पुष्कळदा याच प्रकारची असते. त्यामुळे पहिल्या पाठाचा प्रश्न हा केवळ अध्यापनशास्त्राचा प्रश्न राहत नाही.

यादीचे वाचन

यादीचे श्रेय आधी नोंदवले पाहिजे. पदवी पातळीवरील चाचणी-विषय दीर्घकाळ व्याख्या, प्रकार व आकृत्या यांतच अडकलेला असे. २००० च्या दशकात चाचणीचे खाजगी वर्ग विद्यार्थ्यांना क्विकटेस्ट प्रोफेशनलसारखी परवानामूल्याची साधने शिकवत असताना महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तसले साधन विकत घेणे शक्य नव्हते. मुक्त साधन निवडून विद्यार्थ्याचा हात प्रत्यक्ष ब्राउझरला लावून देणे, ही या यादीची मोठी देणगी होय. शेवटच्या प्रात्यक्षिकात जेमीटरद्वारे भार-चाचणीचाही समावेश होता व तोही योग्यच होता.

यादीतील प्रात्यक्षिकांचा क्रम साधारणतः असा : सेलेनियम आयडीई बसवून किमान चार चाचण्यांचा संच करणे, कोणत्याही दोन संकेतस्थळांवर चाचणी-संच चालवणे, सेलेनियम आरसी बसवून जावा किंवा पीएचपीमधील आज्ञावलीने त्याचे प्रात्यक्षिक दाखवणे, विशिष्ट पानावर लॉग-इन करणे, दहा विद्यार्थ्यांच्या नोंदी एक्सेल धारिकेत भरणे, साठाहून अधिक गुण मिळवणारे विद्यार्थी निवडणे, पानावरील एकूण घटक मोजणे, यादीपेटीतील पर्याय मोजणे, खूण केलेल्या व न केलेल्या चौकटी मोजणे.

यातील पहिला दोष कालविपर्यासाचा आहे. आरसी हा मार्ग २०११ मध्येच जुना ठरला होता व २०१६ मध्ये मुख्य साधनातून गेला होता; तो २०१८-१९ च्या यादीत नव्याने विहित झाला. शिवाय याच पदवीच्या प्रथम वर्षाला २०१६-१७ पासून पायथन शिकवले जात होते. दोन सत्रे पायथन शिकून आलेल्या विद्यार्थ्याला तिसऱ्या वर्षी जावा किंवा पीएचपीकडे वळवण्याचे कारण यादीत सापडत नाही. हा दोष ढोबळ असल्यामुळे चटकन नजरेत भरतो. पण त्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. अभ्यासमंडळाचा कारभार वर्षांच्या गतीने चालतो आणि लायब्ररी महिन्यांच्या गतीने बदलते. पायथनच्या बाबतीतही तेच घडले. घटक शोधण्याच्या ‘फाइंड एलिमेंट बाय नेम’ यासारख्या जुन्या पद्धती २०२२ मध्ये सेलेनियमच्या ४.३ आवृत्तीतून काढून टाकण्यात आल्या आणि त्यापूर्वी छापलेली सारी टिपणे आरंभीच्या ओळींतच अडू लागली. क्रोम ब्राउझर आपणहून अद्ययावत होतो, त्याच्याशी जुळणारा ड्रायव्हर मात्र प्रयोगशाळेतील यंत्रावर जुनाच राहतो, हा अनुभवही सार्वत्रिक होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या ४.६ आवृत्तीपासून सेलेनियम स्वतःच योग्य ड्रायव्हर शोधून आणते, तेव्हा हा त्रास बराच ओसरला. अभ्यासक्रमाने साधनाच्या आवृत्तीचे नाव विहित करू नये, कौशल्याचे नाव विहित करावे, एवढाच यातून निघणारा निष्कर्ष आहे.

दुसरा दोष अधिक खोल आहे आणि तो कोणत्याही आवृत्तीने दूर होणारा नाही. वरील प्रात्यक्षिकांची क्रियापदे पाहावीत : बसवणे, चालवणे, भरणे, निवडणे, मोजणे. यांतील एकही क्रियापद ‘तपासणे’ या अर्थाचे नाही. पानावरील घटक मोजले आणि उत्तर १४७ आले. ते बरोबर की चूक? यादी गप्प आहे. किती असायला हवे होते हे आधी ठरवलेले नसल्यामुळे कोणतेही उत्तर बरोबरच ठरते. लॉग-इन करून दाखवायचे आहे. परंतु चुकीचा परवलीचा शब्द दिल्यावर प्रवेश नाकारला जातो का, हे पाहायला सांगितलेले नाही. आणि लॉग-इनच्या पानाचे खरे काम तर तेच आहे! अपेक्षित फळ आधी सांगणे, प्रत्यक्ष फळ त्याच्याशी ताडून पाहणे व दोहोंत अंतर पडल्यास तसे स्पष्ट जाहीर करणे या तीन गोष्टी मिळून चाचणी होते. त्यांच्याअभावी जे उरते ते स्वयंचलन होय. यादीचे शीर्षक चाचणीचे असले तरी तिच्या मधल्या भागात बव्हंशी स्वयंचलनच आहे.

याचा परिणाम प्रात्यक्षिक-वहीवर होतो. वहीत उद्दिष्ट, आज्ञावली व ‘आउटपुट’ असे तीन भाग असतात; आउटपुटच्या जागी पडद्याचे चित्र चिकटवले जाते आणि शिक्षकाची सही होते. चित्रात ब्राउझर उघडलेला दिसला म्हणजे प्रात्यक्षिक पूर्ण, ही समजूत त्या मांडणीतच रुजलेली आहे. ज्या वहीत चाचणी नापास झालेली दिसते, ती वही अपुरी मानली जाते. वस्तुतः दोष असलेल्या पानावर नापास होणारी चाचणीच तेवढी आपले काम करत असते.

मार्गदर्शिकेतील उदाहरण

मुथुकाडन यांच्या मार्गदर्शिकेतील आरंभ-प्रकरण या तुलनेत पुष्कळच सरस आहे. पायथन भाषेच्या अधिकृत संकेतस्थळाचे मुखपृष्ठ उघडावे, पानाच्या शीर्षकात ‘पायथन’ हा शब्द आहे असे ठाम विधान करावे, शोध-रकाना सापडवून तो रिकामा करावा, त्यात ‘पायकॉन’ हा शब्द टंकावा, एंटरची कळ दाबावी, आणि काही सापडले नसल्याचा संदेश पानात नाही असे विधान करून ब्राउझर बंद करावा, असा तो थोडक्यातला पाठ आहे. त्यात दोन विधाने आहेत, म्हणजे चुकण्याची शक्यता दोनदा मान्य केलेली आहे. पुढे लगेच तेच उदाहरण पायथनच्या ‘युनिटटेस्ट’ चौकटीत बसवून दाखवले आहे. विद्यापीठाच्या यादीत जे सापडत नाही ते येथे पहिल्याच पानावर येते.

तथापि दुसरे विधान बारकाईने पाहण्यासारखे आहे. ते नकारात्मक आहे : अमुक संदेश पानात ‘नाही’. आता सर्व्हर बंद पडला व त्रुटीचे पान आले, तरी त्या पानात तो संदेश नसतोच. विधान खरे ठरते. पान कोरे आले तरी खरे ठरते. इतकेच नव्हे, तर एंटरची कळ दाबल्यावर नवे पान येण्यापूर्वीच जर तपासणी झाली, तर जुन्या मुखपृष्ठातही तो संदेश नसल्यामुळे विधान पुन्हा खरेच. शोध झालाच नाही तरीही चाचणी उत्तीर्ण होऊ शकते. ‘पायकॉन’ या शब्दाचा किमान एक निकाल यादीत दिसतो, असे सकारात्मक विधान केले असते तर हे तिन्ही प्रसंग पकडले गेले असते. नवशिका विद्यार्थी पहिल्या पानावरील नमुनाच आयुष्यभर गिरवतो. म्हणून एका ओळीची ही ढिलाई क्षुल्लक म्हणता येत नाही.

येथे काळाचा प्रश्नही उभा राहतो. पान उघडण्याची आज्ञा सेलेनियम पानाचा प्राथमिक भाग येईपर्यंत थांबवून धरते. पण आजची बहुतेक पाने त्यानंतरही जावास्क्रिप्टद्वारे मजकूर मागवत राहतात. गुणपत्रकाचा तक्ता दोन सेकंदांनी येतो आणि आज्ञावली तो अर्ध्या सेकंदातच शोधते; तो सापडत नाही व त्रुटी येते. विद्यार्थी मग ‘टाइम डॉट स्लीप’ लिहून पाच सेकंद आंधळेपणाने थांबतो. घरच्या वेगवान जोडणीवर ही आज्ञावली चालते. वीस यंत्रांनी एकच जोडणी वाटून घेतलेल्या प्रयोगशाळेत मोडते. यावरचा खरा उपाय म्हणजे विशिष्ट गोष्ट घडेपर्यंत, ठरावीक कमाल मर्यादेतच थांबणे, म्हणजेच ‘वेबड्रायव्हर वेट’ होय. मुथुकाडन यांच्या मार्गदर्शिकेत हा विषय पाचव्या प्रकरणात येतो. दोन तासांच्या प्रात्यक्षिकात पाचव्या प्रकरणापर्यंत कोण पोहोचणार? सेलेनियमच्या अधिकृत दस्तऐवजातील पहिल्या पाठात प्रतीक्षेला आठ पायऱ्यांपैकी एक स्वतंत्र पायरी दिलेली आहे हे स्तुत्य आहे. तेथे वापरलेली सरसकट प्रतीक्षा दाखवायला सोपी असली तरी क्वचितच उत्तम ठरते, अशी कबुलीही त्याच ठिकाणी दिली आहे. विद्यापीठाच्या यादीत प्रतीक्षेचा उल्लेखच नव्हता.

ही बाब किती महत्त्वाची आहे हे गूगलने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकड्यांवरून ध्यानात येईल. त्यांच्या जवळपास १६ टक्के चाचण्या कमी-अधिक प्रमाणात लहरी होत्या, म्हणजे आज्ञावलीत काहीही बदल नसताना कधी उत्तीर्ण, कधी अनुत्तीर्ण होणाऱ्या. या लहरीपणामागे एकच कारण नसते. परंतु चुकीची प्रतीक्षा हे त्यातले नेहमीचे कारण आहे. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने आणलेली ‘प्लेराइट’ ही लायब्ररी, जी पायथनमध्येही उपलब्ध आहे, बटण दाबण्यापूर्वी ते दिसू लागून वापरण्याजोगे होईपर्यंत आपणहून थांबते. नव्या अभ्यासक्रमात सेलेनियमऐवजी प्लेराइट घ्यावे असा विचार त्यामुळे मांडला जाऊ शकतो. तो विचार ग्राह्य आहे. मात्र अपेक्षित फळ ठरवण्याचे काम प्लेराइटही आपणहून करत नाही.

देवनागरीचा प्रश्न

दोन्ही पाठांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे व ती म्हणजे पान इंग्रजीत असते. महाराष्ट्रातील चाचणीकाराला शासकीय, महापालिकेची व बँकांची मराठी पाने तपासावी लागतात आणि तेथे निराळ्याच अडचणी समोर येतात. भाषाविभागातील प्राध्यापकांनाही हा भाग रस घेण्याजोगा वाटेल.

‘कर्मचाऱ्यांची यादी’ हा दुवा शोधायचा आहे असे समजू. यातील ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये निदान तीन प्रकारे साठवता येतो : खाली टिंब असलेला ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, त्यापुढे हलन्ताचे चिन्ह व ‘य’; किंवा साधा ‘र’, त्याला वेगळे जोडलेले टिंब, हलन्त व ‘य’; किंवा साधा ‘र’, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह व ‘य’. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. सेलेनियम मात्र चिन्हांची रांग जशीच्या तशी ताडून पाहते. म्हणून डोळ्यांना जो दुवा दिसतो तो आज्ञावलीला सापडत नाही. पायथनच्या ‘युनिकोडडेटा’ या अंगभूत लायब्ररीतील सामान्यीकरणाने पहिले दोन प्रकार एक होतात, तिसरा वेगळाच राहतो. ‘ॲ’ या अक्षराचीही तीच गत. त्यासाठी स्वतंत्र स्थान युनिकोडमध्ये २००८ साली मिळाले. त्याआधीच्या व त्यानंतरच्याही पुष्कळ मजकुरात ‘अ’, अदृश्य जोडचिन्ह व चंद्र अशी जुळणी आढळते. ‘ॲडमिशन’ हे बटण एका पानावर सापडते आणि दुसऱ्यावर सापडत नाही, याचे कारण येथे असते.

अंकांचे उदाहरण तर थेट यादीशी भिडते. साठाहून अधिक गुण मिळवणारे विद्यार्थी निवडायचे आहेत. पानावरून वाचलेले गुण हे पायथनच्या दृष्टीने संख्या नसून मजकूर असतात. मजकूर म्हणून तुलना केली तर रोमन लिपीच्या अंकांतील शंभर हे साठाहून लहान ठरतात, कारण पहिले चिन्ह एक आहे व एक हे सहापेक्षा आधी येते. पानावर देवनागरी अंक असतील आणि आज्ञावलीत साठ ही संख्या रोमन अंकांत लिहिलेली असेल, तर सर्व देवनागरी अंक चिन्हक्रमात नंतर येत असल्यामुळे ४५ गुण मिळवणारा विद्यार्थीही साठाच्या वर गणला जातो. त्रुटी येत नाही, आज्ञावली थांबत नाही, उत्तर मात्र चुकीचे येते. गंमत अशी की पायथनचे ‘इंट’ हे फलन देवनागरी अंकांनाही संख्येत रूपांतरित करते. उपाय अवघ्या एका शब्दाचा आहे. तो शिकवण्याची उत्तम संधी त्या प्रात्यक्षिकात आयती आलेली होती.

प्रयोगशाळेची मर्यादा आणि परक्याचे संकेतस्थळ

‘कोणतीही दोन संकेतस्थळे’ ही शब्दयोजनाही विचारात घेण्यासारखी आहे. विद्यार्थी साहजिकच ओळखीची मोठी स्थळे निवडतो. ही स्थळे आपली रचना न कळवता बदलतात, त्यामुळे मागील वर्षीची आज्ञावली या वर्षी चालत नाही. पानात दोष असल्यास तो दुरुस्त करणे विद्यार्थ्याच्या हातात नसते, आणि असे स्वयंचलन बऱ्याच स्थळांच्या अटींत बसत नाही. रेल्वे-आरक्षणाचे उदाहरण मुंबईकराला सांगण्याची गरज नाही. गणपतीच्या दिवसांत कोकणातील गाड्यांचे आरक्षण काही मिनिटांत संपते. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने तत्काळ तिकिटांचे अर्ज झपाट्याने भरणारे सॉफ्टवेअर तयार केल्याच्या आरोपावरून आपल्याच एका प्रोग्रामरला अटक केली होती. अर्ज आपोआप भरण्याचे तंत्र दोन्हीकडे तेच असते. कोणाच्या पानावर, कोणाच्या अनुमतीने, हा प्रश्न पहिल्या पाठातच यायला हवा.

याला पर्याय साधा आहे. पायथनमध्ये एक छोटा सर्व्हर अंगभूतच असतो; एका ओळीच्या आज्ञेने प्रयोगशाळेतील यंत्रावरच पान उपलब्ध करता येते, महाजालाची जोडणीही लागत नाही. शिक्षकाने मराठीतील एक गुणपत्रक किंवा प्रवेश-अर्ज तयार करावा. त्यातील तक्ता मुद्दाम तीन सेकंद उशिरा यावा. काही गुण देवनागरी अंकांत असावेत. आणि एका ठिकाणी जाणूनबुजून चूक पेरलेली असावी, उदाहरणार्थ, रिकामा अर्जही स्वीकारला जावा. विद्यार्थ्याने अपेक्षित फळ आधी वहीत शाईने लिहावे, मग आज्ञावली चालवावी. त्याची चाचणी प्रथम नापास झाली पाहिजे. मग त्यानेच पानातील चूक दुरुस्त करावी व तीच चाचणी उत्तीर्ण होताना पाहावी. घटक मोजण्याचे जुने प्रात्यक्षिकसुद्धा या मांडणीत सार्थ होते, कारण किती घटक असायला हवेत हे आता ठाऊक असते.

असा पाठ लिहिणाऱ्याने तो आधी अनभिज्ञ माणसावर पारखून घ्यावा, ही शिस्त उपनगरातच उपलब्ध आहे. पवईच्या आयआयटीत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे ध्वनिचित्र-पाठ तयार होतात व मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचे ध्वनिमुद्रण केले जाते. तेथे पाठाची संहिता ध्वनिमुद्रणापूर्वी त्या विषयाचा गंध नसलेल्या व्यक्तीकडून प्रत्यक्ष करवून पाहिली जाते. विद्यापीठाची प्रात्यक्षिक-यादी अशा नवशिक्याच्या हाती आधी दिली गेली असती, तर आरसीचे प्रात्यक्षिक यादीत राहिले असते असे वाटत नाही.

गुणदानाचा प्रश्न

आक्षेप असा येईल की प्रात्यक्षिक-परीक्षेत बाह्य परीक्षकाला थोड्या वेळात अनेक विद्यार्थी तपासावे लागतात; ब्राउझर उघडला, अर्ज भरला गेला, हे पाहणे सोपे असते; चाचणीचे विधान योग्य आहे की नाही हे पाहायला वेळ लागतो. आक्षेप खरा आहे. परंतु परीक्षकाने पानातील एक ओळ बदलावी व विद्यार्थ्याची चाचणी पुन्हा चालवायला सांगावी, याला एक मिनिट पुरते. चाचणी लाल झाली तर तिला अर्थ होता. हिरवीच राहिली तर तिने काही तपासलेच नव्हते.

मुंबई विद्यापीठाशी संलग्न प्राध्यापकांना हे पटवण्यासाठी दूरचे दाखले देण्याची आवश्यकता नाही. २०१७ च्या उन्हाळ्यात उत्तरपत्रिकांचे पडद्यावरील मूल्यांकन घाईने सर्वत्र लागू करण्यात आले. निकाल ३१ जुलैच्या मुदतीनंतरही रखडले, प्राध्यापकांना सुट्टीच्या दिवशीही मूल्यांकन केंद्रांवर बसावे लागले, आणि परदेशी व अन्य विद्यापीठांत प्रवेश घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांची कोंडी झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. त्या व्यवस्थेत लॉग-इन होत होते, पाने उघडत होती, बटणे दाबली जात होती.

स्वायत्त महाविद्यालयांच्या अभ्यासमंडळांना आता ही प्रात्यक्षिके स्वतः लिहिण्याची मुभा आहे. त्यांच्या पुढील बैठकीत साधन सेलेनियम असावे की प्लेराइट यावर चर्चा होईलच. त्याआधी प्रात्यक्षिक-वहीत ‘आउटपुट’च्या वर ‘अपेक्षित फळ’ असा एक रकाना वाढवण्याचा ठराव मांडता येईल. त्यासाठी कोणतेही सॉफ्टवेअर बसवावे लागत नाही.